पानांना आजारी पाडणारे काका

कॅनडात एडमंटनला मी भाड्याचं बेसमेंट बघायला गेले तेव्हा घरमालक पोर्चच्या पायरीवर बसून प्लास्टिकच्या पानांना तापलेल्या सुईने भोकं पाडत होते. बाजूला मेणबत्ती, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि मांडीवर दुकानातून आणलेली मेपलच्या पानांची लालभडक माळ. सत्तरीचा माणूस, डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटरवर स्वेटर. मी म्हटलं, काका, फोन केला होता, जागा बघायला आलेय. त्यांनी मान वर न करता माळेचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"यात काय चुकलंय ते सांगा आधी."

जागा मागायला आलेल्या माणसाला लोक नोकरीचं पत्र विचारतात, मांसमच्छी शिजवणार का विचारतात, पाहुणे किती येतात ते विचारतात. त्या आठवड्यात चार घरांत या सगळ्याची उत्तरं देऊन मी दमले होते, बोटं गारठली होती, आणि त्यात हे. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं की चुकायचंय काय त्यात, सगळी पानं एकाच दिवशी जन्मलेली आहेत, एवढंच.

काकांनी तेव्हा मान वर केली. गाव विचारलं. नाशिकजवळचं, घरी द्राक्षाची बाग, असं सांगितल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली आणि स्थळ पसंत पडल्यासारखं आत ओरडून काकूंना कळवलं की पोरगी बागाईतदाराची आहे. किल्ली त्याच दुपारी माझ्या हातात आली. जागा मी नंतर पाहिली. वॉशरूमचा दिवा लागत नव्हता आणि निम्मं बेसमेंट काकांच्या पानांनी अडवलेलं होतं, पण तोवर मी हो म्हणून बसले होते. त्या घरात मी पुढे तीन वर्षं राहिले, आणि खरं सांगायचं तर आईबापानंतर मी कुणाचं एवढं ऐकून घेतलं असेल तर त्या माणसाचं.

काका मूळचे अकोल्याचे. तिथे शेतकी कॉलेजात शिकवायचे, मग इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एका प्रयोगशाळेत एकच काम केलं. शेतकरी आपल्या पिकाची आजारी पानं पिशवीत घालून पाठवायचे, काका ती भिंगाखाली धरून रोगाचं नाव सांगायचे. गहू, मोहरी, बटाटा, सगळ्यांची दुखणी त्यांना तोंडपाठ. "निरोगी पान मला उभ्या आयुष्यात कुणी पाठवलंच नाही," असं ते चहा पिताना म्हणायचे. त्यात तक्रार नसायची. डॉक्टरकडे धडधाकट माणूस कशाला जाईल, इतकं साधं ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर पहिल्याच सप्टेंबरात काकूंनी शेजाऱ्यांचं बघून पोर्चसाठी भोपळे, गवताचं बुजगावणं आणि ती प्लास्टिकची माळ आणली. काकांनी दोन दिवस माळेकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी खाली काढली. पहिली हरकत रंगावर होती. लाल मेपल हे तिकडे पूर्वेला ओकव्हिलकडचं झाड, आपल्याकडे शरद ऋतू पिवळा असतो, बाहेर बघा, पॉप्लर, बर्च, एल्म, सगळं हळदीचं, मग आपल्याच दारात हे परगावचं झाड कशाला. म्हणून सगळी माळ पिवळी रंगवली. मग कात्रीने पानांचा आकार बदलला. मग लक्षात आलं की पिवळं झालं तरी खोटंच दिसतंय, आणि तिथून तो माणूस जो पेटला तो पेटलाच.

खोटं पान खोटं का दिसतं यावर काकांची ठाम मतं होती. डब्यात दाबून आल्यामुळे पडलेली घडी आधी घालवायची, त्यासाठी काकूंच्या कुकरची वाफ. वाफेवर पान मऊ झालं की चमच्याच्या पाठीवर धरून त्याला बाक द्यायचा, प्रत्येकाला वेगळा. वरची बाजू गडद, खालची फिकट. चमक तर लगेच मारायची, त्यासाठी बारीक सँडपेपर. एका फांदीवर तीन वयांची पानं हवीत, आजोबा, बाप आणि शेंबडं पोर. चहाच्या पाण्याने कडा करपवायच्या, कॉफीने मध्यभाग, आणि जुना टूथब्रश रंगात बुडवून अंगठ्याने उडवला की बारीक ठिपके. भोकं कागदाच्या पंचने पाडलेली त्यांना खपायची नाहीत. मी एकदा वेळ वाचावा म्हणून पाडली तर म्हणाले, "अळी काय ऑफिसात काम करते का? गोल गोल खाऊन राहिली ती?"

पण खरी गंमत त्याच्या पुढे. नुसती जुनी दिसणारी पानं काकांना पुरत नव्हती. त्यांना प्रत्येक पानाला झाडाप्रमाणे रोग द्यायचा असायचा. पॉप्लरला तांबेरा, तोही पानाच्या पाठीमागून, नारिंगी, बोटाला लागेल असा. ॲस्पेनला नागअळी, चंदेरी वळणावळणाची रेघ, शिसपेन्सिलीने काढून वर नेलपॉलिशचा हात. बर्चला करपा. मी नाशिकची, हे सगळे शब्द मी जेवताना ऐकत मोठी झाले, बापाचा चेहरा त्या शब्दांनी पडलेला पाहिला होता. इथे एक माणूस हौसेने तांबेरा रंगवतोय हे बघून मला आधी हसू आलं आणि मग, का कोण जाणे, घरची फार आठवण आली.

काकू वैतागायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. विड्याचं पान घेताना आपण उलटसुलट करून बघतो, आंब्याचा डहाळा घेताना किडकं पान खुडून टाकतो, पूजेला फाटकं पान चालत नाही, आणि आमच्या घरी मात्र दाराला मुद्दाम रोगट पानं. शेवटी तह झाला. दाराच्या चौकटीवर काकूंचं आंब्याच्या पानांचं तोरण, तेही प्लास्टिकचंच पण हिरवंगार, अखंड. चौकटीच्या बाहेर काकांचं राज्य. त्यामुळे घरी येणाऱ्याला आधी नागअळी भेटायची आणि मग मांगल्य.

पहिल्याच वर्षी पलीकडच्या घरातल्या गोऱ्या आजींनी पत्रपेटीत चिठ्ठी टाकली. तुमच्या पोर्चवरचा वेल फार आजारी आहे, उशीर करू नका, माझा बर्च मी असाच हकनाक गमावला, सोबत झाडांच्या डॉक्टरचा नंबर देते आहे. काकांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली. लोक मुलांची सर्टिफिकेटं लावतात, काकू म्हणाल्या. आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी चिठ्ठी वाचावी लागे. मग काकांना आजींची फसवणूक केल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून त्यांना हाताला धरून पोर्चवर आणलं आणि पान चुरगाळून दाखवलं. आजी इतक्या खूश झाल्या की पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या दारावरची माळ काकांकडे आजारी पाडायला दिली. काकांनी झाड कुठलं, घर कुठल्या दिशेला, ऊन किती, सगळं विचारून घेतलं आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत करपा होईल असं सांगितलं.

आता मी दुसऱ्या गावी, बर्नाबीला असते. ऑफिसच्या लॉबीत सप्टेंबर लागला की तसल्याच माळा लागतात, घडी पडलेल्या, चकचकीत. माझे हात शिवशिवतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी चहाच्या पिशवीने चार पानं करपवलीसुद्धा. सिक्युरिटीवाल्याने पाहिलं आणि काही बोलला नाही, बिचारा.

एडमंटनच्या दुसऱ्या वर्षी मी बेसमेंटमध्ये काकांना हाताखाली मदत करायला लागले होते. एकदा मी सहज विचारलं, काका, तुम्ही सगळे रोग करता, भुरी का नाही करत? ऑगस्ट संपताना इथलं लायलॅकचं प्रत्येक झुडूप भुरीने पांढरं होतं, करायलाही सोपी, पावडरचा हात फिरवला की झालं. द्राक्षवाल्याच्या पोरीला भुरी आधी आठवणारच. काकांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मी पुन्हा विचारलं. ते उठले आणि वरती गेले, मेणबत्ती तशीच जळत ठेवून.

मला वाटलं काय चुकलं. दुसऱ्या दिवशी काकू पोळ्या करत होत्या, मी शेजारी उभी राहून शेकत होते, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांची मुलगी रेवा. तिला मी ओळखत होते, दर शनिवारी आपली गाडी घेऊन यायची, शाळेत शिकवायची, बोलायला मोकळी, हसरी. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट. तिच्या अंगावर पांढरे डाग होते. कोड हा शब्द काकूंनी उच्चारला नाही, मीही नाही. ती सहा वर्षांची असताना पहिला डाग आला. डॉक्टरांनी सांगितलं, यात जिवाला धोका काही नाही, काळजी करू नका. पण काकांचा जन्म गेला डाग बघण्यात. त्यांनी चौकटीची वही आणली, पारदर्शक पट्टी आणली, आणि दर रविवारी अंघोळ झाली की मुलीला खिडकीपाशी उजेडात उभं करून एकेक डाग मोजायचे. वहीत काढायचे, तारीख घालायचे. एखाद्या आठवड्यात वाढ नसली की एवढे आनंदायचे, तिला आइस्क्रीम खायला न्यायचे. वाढ असली की जेवायचे नाहीत. आठ वर्षं.

"एका रविवारी तिने वॉशरूमचं दार आतून लावून घेतलं," काकू म्हणाल्या, "आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. त्यानंतर यांनी वही काढली नाही. आणि तिने बाह्या वर केल्या नाहीत."

दोघं भांडली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या. भांडण नव्हतंच. शनिवारी रेवा आली की स्वयंपाकघरात आईशी तासन् तास गप्पा, आणि बापाशी फक्त गाडीवर बोलणं. ऑइल बदललं का, विंटर टायर्स कधी टाकतेस, बॅटरी बघून घे. तीही नीट उत्तर द्यायची, येस बाबा, डन बाबा. बापलेकीचं सगळं प्रेम कित्येक वर्षं त्या विंटर टायर्सवर निभत होतं.

मग रेवाचं लग्न ठरलं. तिच्याच शाळेतला एक शांत, चष्मिस मुलगा, मूळ नागपूरकडचा, सगळ्यांना आवडला. लग्न ऑक्टोबरात हॉलमध्ये, आणि आदल्या दिवशी हळद घरीच. काकूंची एक इच्छा होती की मागच्या अंगणातल्या ॲस्पेनच्या पिवळ्या फांद्या तोडून दिवाणखान्यात मांडवासारखी कमान करायची, तिच्याखाली पाट. पण सप्टेंबर संपता संपता वादळी वारा सुटला, वर बर्फ पडलं, आणि दोन दिवसांत गावातली सगळी झाडं खराट्यासारखी झाली. मग खरं पान आणायचं कुठून. काका म्हणाले, मी आहे ना.

मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. चार दिवस तळघरातून वर आले नाहीत, जेवणाचं ताट मीच खाली न्यायचे. पहिली फांदी तयार झाली ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली फांदी होती, हे मी आजही सांगेन. कडा करपलेल्या, नागअळीची रेघ पानाच्या शिरेशी येऊन वळलेली, पाठीवर तांबेरा. खिडकीतून आत आलेली वाटावी.

शनिवारी रेवा पायऱ्या उतरून खाली आली. ती बेसमेंटमध्ये येत नसे. तिने टेबलावरची फांदी पाहिली, एक पान उलटं करून पाहिलं. काका तिच्या तोंडाकडे बघत उभे, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. मला तिथून निसटायचं होतं पण वाट तिच्या मागून होती.

"बाबा, मला साधी पानं हवीत," ती म्हणाली. "क्लीन. नो स्पॉट्स. एकही नको."

काका म्हणाले, अगं पण मग ते खोटं दिसेल.

"दिसू दे. तुम्ही माझ्याकडे बघता ना, तेव्हा मला कळतं तुम्ही काय शोधताय. अजूनही. एक दिवस, बाबा. जस्ट वन डे, डोन्ट फाइंड एनीथिंग." आवाज चढला नव्हता तिचा. पायरीवर पाय ठेवून तिने एवढंच जोडलं, "आय वॉज नेव्हर युअर सॅम्पल."

ती गेल्यावर काकांनी फांदी उचलली, कचऱ्याची काळी पिशवी उघडली आणि ती आत घातली. मी अडवायला गेले तर म्हणाले, राहू दे. मग खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले की पोरीने जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय, आणि ते नेमकं मला येत नाही.

येत नव्हतंच. लग्नाला दहा दिवस होते. डाग नाही, भोक नाही, करपलेली कड नाही, असं पान त्यांनी केलं की ते दुकानातल्यासारखं दिसायचं. दहा-दहा पानं करून फेकून द्यायचे. जुनी पुस्तकं काढली, पण त्यात सगळी चित्रं रोगांची. बाहेर झाडावर बघावं तर एक पान शिल्लक नाही. एका दुपारी अगदी हरून त्यांनी मला विचारलं, तुमच्या बागेत निरोगी पान असायचं का गं?

मी म्हटलं, "असायचं की काका, ढिगाने असायची. फक्त त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही."

मी सहज बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते. काकांनी हातातलं पान खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, आता हे पुन्हा वर निघून जातात. पण ते उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, चल, पहिल्यापासून करू.

पहिल्यापासून म्हणजे काय, तर ते आठवायला बसले. डोळे मिटून. मागच्या अंगणातलं ॲस्पेन निरोगी असताना कसं दिसतं, ज्याच्याखाली त्यांनी पंचवीस वर्षं खुर्ची टाकली होती. हळूहळू सुचत गेलं. पान पिवळं होतं तेव्हा शिरा मागे राहतात, त्या थोडा वेळ हिरव्याच असतात. म्हणून प्रत्येक पानाला बारीक ब्रशने हिरवट शिरा. पिवळाही एक नाही, उजेडाकडचा लिंबासारखा, आतला ताकासारखा. आणि मग त्यांना मुख्य गोष्ट आठवली, जी ते इतकी वर्षं विसरले होते. ॲस्पेनचा देठ चपटा असतो, म्हणून जराशी झुळूक आली तरी त्याचं पान थरथरतं. "मी पान मेलेलंच करत होतो," काका म्हणाले. "पोस्टाने येणारं पान हलत नसतं ना."

काकूंचा खलबत्ता खाली आला. तारेचा प्रत्येक देठ आम्ही बत्त्याने ठोकून चपटा केला. शेकड्याने. माझा अंगठा दोनदा बत्त्याखाली आला, काकू वरून ओरडायच्या की लग्नघरात खलबत्ता आणि मसाल्याचा पत्ता नाही. पण पहिली फांदी उभी केली आणि मी बाजूने चालत गेले तशी सगळी पानं हलली. एक डाग नव्हता. काका बघत राहिले. खरं सांगू, मीही त्यांच्याकडेच बघत होते. एवढी वर्षं हा माणूस प्रत्येक पानावर काहीतरी शोधत होता, आणि आज शोधायला काही नव्हतं तरी त्याची नजर हटत नव्हती.

हळदीच्या दिवशी सकाळी कमान दिवाणखान्यात उभी राहिली. दार उघडलं की थंड वारा यायचा आणि कमान सळसळायची. आलेल्या बायका बूट काढता काढता थांबायच्या. एकीने तर विचारलं, ही पानं तुम्ही फ्रीझ करून ठेवली होती का. काकू पदराला डोळे पुसत होत्या आणि अभिमानाने सांगत होत्या की यांनी केली. पण हे कुठे होते? हे खाली होते.

मी बोलवायला गेले. काका नवा कुर्ता घालून टेबलाशी बसले होते, समोर काही काम नाही. डिंक वाळायचाय, असं काहीतरी सांगायला लागले. मी म्हटलं, काका, उगाच काही सांगू नका. तेव्हा ते बोलले. म्हणाले, आज तिचे हात उघडे असणार. मी वर आलो की माझी नजर जाणार. ती मी थांबवू शकत नाही, पन्नास वर्षांची सवय आहे. तिने एकच दिवस मागितलाय आणि मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तुम्ही करा, मी इथेच बरा.

मी वर आले.

रेवा पाटावर बसली होती. पिवळी साडी, आणि ब्लाउजला बाह्या नाहीत. मी तिला तीन वर्षांत असं पाहिलं नव्हतं, बहुतेक तिथल्या कुणीच नव्हतं. मनगटापासून वर दंडापर्यंत पांढरे डाग, नकाशातल्या बेटांसारखे. सगळ्यांच्या नजरा कुठे गेल्या ते तिला कळलं, पण ती ताठ बसून राहिली. तेवढ्यात ओकव्हिलच्या मावशींनी, अगदी प्रेमाने, तोंडातून काढलं की हातांना जरा जाड थर द्या गं, फोटो काढायचेत. काकूंच्या हातातली वाटी तिथेच थांबली.

रेवाने मावशींकडे बघितलं नाही. तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी काय त्यांची कारभारीण. मी पुन्हा खाली गेले आणि या वेळी माझा तोल सुटला. म्हटलं, पानं हलायला पाहिजेत म्हणून माझे अंगठे ठेचलेत तुम्ही, आणि स्वतः इथे खुर्चीला चिकटून बसलाय. तिने तुम्हाला बोलावलंय. तिने. आता उठता की ओढत नेऊ?

काका उठले. पायऱ्या चढताना कठडा घट्ट धरला होता. दिवाणखान्यात आले, मुलीकडे न बघता, कमानीकडे बघत उभे राहिले, आणि मग हळूच चष्मा काढून खिशात घातला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नसे.

रेवाने ते पाहिलं.

"चष्मा घाला, बाबा."

काका हलले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, घाला. आणि तिने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले, तळवे वर करून. आधी सवाष्णींचा मान असतो, असं कुणीतरी मागून कुजबुजलं, आणि काकूंनी मागे वळून एकच नजर टाकली तशी ती कुजबुज विरली.

काका तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. या वयात त्यांना ते सोपं नव्हतं. चष्मा घातला. मी दाराशी उभी होते, मला त्यांचं तोंड दिसत होतं. त्यांनी ते हात पाहिले, मनगटापासून वरपर्यंत, एक इंच न सोडता, पण पूर्वी पान बघताना त्यांची भुवई चढायची तशी ती चढली नाही.

"काय दिसतंय?" रेवाने विचारलं.

"हात दिसतात तुझे," काका म्हणाले. "माझं निदान चुकलं होतं, रेवा. रोग नव्हताच तो. मी तुला उगाच खिडकीत उभं केलं."

काकूंनी वाटी त्यांच्या हातात दिली. काकांनी हळद घेतली आणि तिच्या हातांना लावायला सुरुवात केली, गोऱ्या जागी, सावळ्या जागी, सारखीच, घाई न करता. बायका रडत होत्या, मी तर भोकाड पसरलं होतं, लाज कसली. दोन्ही हात दंडापर्यंत झाले. काका वाटी खाली ठेवणार, तेवढ्यात रेवा किंचित वळली आणि तिने मानेवरचे केस बाजूला केले. तिथे, कानाच्या मागून खांद्यापर्यंत, एक मोठा डाग होता.

"हा तुम्ही पाहिलेला नाही," ती म्हणाली. "मी दार लावून घेतलं ना, त्यानंतर आला."

जन्मभर कुठलाही डाग दिसला की त्या माणसाच्या तोंडातून पहिला प्रश्न निघायचा तो केव्हापासून, किती दिवस झाले, वाढला का. त्या दिवशी काकांनी काहीच विचारलं नाही. तळहात भरून हळद घेतली आणि तिच्या मानेवर ठेवली, आणि रेवाने आपलं डोकं त्या हातावर टेकवून डोळे मिटून घेतले.